पहिली रांग

पीचच्या चार फोडी करून ओंदिनाने पुढच्या रांगेतल्या लेआर्को मास्तरांपुढे बशी धरली.

"मास्तर, रात्री झोप लागली ना बरी?"

"ढाराढूर," मास्तर म्हणाले. "नव्वदी ओलांडल्यापासून तर फारच छान लागते."

ओंदिनाचा चेहरा पडला. रिकामी बशी घेऊन ती मागच्या रांगेत, आपल्या छत्रीखाली परतली.

इटलीतल्या चेर्वियाच्या त्या किनाऱ्यावर ज्याची छत्री त्याची जागा. दर उन्हाळ्यात पाय पसरून पडायच्या त्याच दोन आरामखुर्च्या, म्हणजे लाउंजर, तेच शेजारी, त्याच कुरबुरी. पहिली रांग आपणहून कुणी सोडत नसे. माणूस गेला की जागा मागच्याला मिळे, आणि ओंदिना लग्न झाल्यापासून मास्तरांच्या मागे होती. एवढ्या वर्षांत तिने समुद्र पाहिला तो त्यांच्या टकलाच्या अलीकडे-पलीकडे. वैर काहीच नव्हतं. पण एखाद्या माणसाला कधी साधी सर्दीसुद्धा होऊ नये, याचा तिला मनस्वी संताप येई.

नवरा नेव्हिओ डोळ्यांवर टोपी ओढून पडला होता. इंग्रजीत आळशी माणसालाही लाउंजरच म्हणतात, असं सुनेने सांगितल्यापासून ओंदिनाला त्याच्यासाठी आयतं नाव मिळालं होतं.

"अहो लाउंजर, त्या सावरोला विचारा तरी एकदा."

सावरो म्हणजे छत्र्यांचा मालक.

"काय विचारू? मास्तर कधी मरतायत?"

"हळू बोला हो!"

"समुद्र कुठं पळून चाललाय का? मला इथंच बरं आहे."

पुढच्या जूनमध्ये फाटकाशीच सावरोने टोपी काढली. मास्तर हिवाळ्यात झोपेतच गेले, म्हणाला. ओंदिना रडली, अगदी मनापासून रडली. मग नाक पुसत तिने विचारलं,

"छत्री आमचीच ना आता?"

त्या दुपारी ती पुढच्या रांगेत पहिल्यांदा आडवी झाली. समोर सगळाच्या सगळा समुद्र. मुलांनी उडवलेली वाळू तोंडावर आली तरी ती काही बोलली नाही. शेजारी नेव्हिओ घोरत होता, त्याचाही तिला आज राग आला नाही.

मागे वाळूत पावलं वाजली. त्यांच्या जुन्या छत्रीखाली तिसऱ्या रांगेतली लोरेत्ता आली होती. चाळिशीची, हसरी बाई. हातात कलिंगडाच्या फोडी.

"घ्या ना, काकू. गार आहे." तिने बशी पुढे केली. "आणि काकांची तब्येत कशी आहे? रात्री झोप लागते ना बरी?"

नेव्हिओने डोळे न उघडताच हात पुढे केला. ओंदिना बशीकडे बघत राहिली.

"लागते," ती म्हणाली. "दोघांनाही. ढाराढूर."

लोरेत्ता परत गेली. ओंदिनाने लाउंजरची पाठ खटकन सरळ केली आणि नवऱ्याच्या कुशीत कोपर खुपसलं.

"उठा."

"आता काय झालं?"

"पोहायला चला. आणि जरा लांबवर पोहा, दिसू दे लोकांना."