दुसरी भाकरी

गणेशगुडीच्या लॉजवर रुक्मा सतरा वर्षं भाकऱ्या थापत होती, आणि थापता थापता तोंडातल्या तोंडात काहीबाही म्हणत होती. कुणी कधी लक्ष दिलं नाही. नदीत राफ्टिंग करून आलेल्या माणसाला भूक तेवढी लागलेली असते हो!

पण परवा गोव्याहून जॅझवाली मंडळी रेकॉर्डिंगसाठी उतरली. त्यांच्यातली सॅक्सोफोन वाजवणारी प्रियांका पाणी मागायला आली ती स्वयंपाकघराच्या दारातच थबकली.

"मावशी, ही कविता कुणाची?"

"कसली कविता! माजीच बडबड ती."

बडबड होती फणसाळीची. फणसाळी म्हणजे रुक्माच्या आईचं गाव, सुप्याच्या धरणात गेलेलं. प्रियांकानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं, वाजवणार आम्ही, बोलणार मावशी. रुक्मा हरखून गेली. म्हाताऱ्या आईला तिचं गाव आपल्या तोंडून ऐकवायचं, एवढीच तिची हौस होती.

आणि घ्या! सकाळी हॉलमध्ये माइकसमोर उभी केली आणि बाईची बोबडीच वळली. कानात टिकटिक लावलेली, मिनिटाला ब्याण्णव ठोके. पट्टी ठरवलेली काळी दोन. वर ड्रमवाला सूरज म्हणतो, "हात हलवू नका, बांगड्या वाजतात." बांगड्यांना फडकं गुंडाळलं. मग काय, पाढे म्हणणाऱ्या पोरीसारखी रुक्मा घडाघडा म्हणून मोकळी झाली. दुसऱ्या खेपेला मधली ओळच गायब. तिसऱ्या खेपेला खोकला. अकरा वाजले, आणि जेवून मंडळी निघणार होती.

प्रियांका हळूच म्हणाली, "मावशी, नाहीच जमलं तर मी म्हणते. नाव तुमचंच लावू."

नाव काय चाटायचंय? तिनं फडकं ओढून काढलं. "जेवणाची येळ झाली. मी चालले," म्हणाली आणि तरातरा स्वयंपाकघरात गेली. डोळे भरून आले होते, ते कुणाला दिसू द्यायचे नव्हते.

तांदळाच्या पिठाची उकड मळली, गोळा परातीत घेतला, पहिली थाप पडली. थाऽप, थप. थाऽप, थप. आणि काय सांगू, शब्द आपले आपण तोंडात आले! खोकला नाही, अडखळणं नाही.

"ओ प्रियांकाताई!" ती ओरडलीच. "आलं बगा! तुमचं सामान घिऊन हिकडंच या!"

पाच मिनिटांत चुलीपाशी माइक. सूरज दारातच कान देऊन उभा राहिला. "अरे, एक लांब, एक आखूड! मावशी जॅझच्या स्विंगमध्ये थापतायत!" टिकटिक बंद केली. ड्रमच्या काठ्या ठेवून त्यानं तारांचे ब्रश घेतले आणि हलकेच परातीतल्या थापेमागून निघाला. रुक्माचा आवाज काळी पाचवर जाऊन बसला होता. प्रियांका हसली. काळी पाच म्हणजे तिच्या सॅक्सोफोनचं माहेरच!

*पाण्याखाली चूल आमची, राख अजून ऊन हाय,*
*मासोळी गे पाहुणे, भाकर खाऊन जा.*

पहिली भाकरी तव्यावर गेली. दुसरीला हात भरभर पडू लागले, बांगड्या खणखणल्या.

*फणसाळी गे फणसाळी,*
*वर ये जरा, वारं घे!*

लय चढली तसा सूरज बावरला. प्रियांकानं डोळ्यांनीच सांगितलं, जाऊ दे. सॅक्सोफोन हसत, डुलत रुक्माच्या मागं धावला. संपलं तेव्हा सगळ्यांनी एकदम आरोळी ठोकली आणि पहिली भाकरी करपली.

रविवारी रुक्मा फोन घेऊन रामनगरला आईकडं गेली. इंदुबाई अंगणात सुपारी कातरत बसली होती. रुक्मानं फोनवर रेकॉर्डिंग लावलं, आधी सॅक्सोफोनच वाजला.

"ह्यो म्हशीगत कोण हंबरतोय?"

"ऐक तर आये!"

थाप सुरू झाली तसा म्हातारीचा अडकित्ता थांबला. हात मांडीवर आपोआप पडू लागला, लांब, आखूड. रेकॉर्डिंग संपलं. रुक्माचा जीव टांगणीला.

"दुसरी भाकरी घाईत थापलीस," इंदुबाई म्हणाली.

"तितं तुजा गाव आला, आये."

म्हातारीनं पदरानं डोळे पुसले आणि खुदकन हसली.

"मग बराबर हाय," म्हणाली. "परत लाव."