वखारीतून शाळेत आलेला वजनकाटा

मित्रांनो, मी वजनकाटा आहे. जुना आहे आणि तोंडाळही आहे. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू आपली कहाणी सांगताना मालकांचे गुण गातात. मला ते जमायचे नाही. उभ्या आयुष्यात मी खोटा आकडा दाखवला नाही, मग आता खोटी स्तुती कशाला करू?

माझा जन्म मुंबईच्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. उभे राहायला जाड लोखंडी फळी, तिच्यामागे खांब, खांबावर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारे पितळी वजन, असा माझा देह. बोटीने मी रत्नागिरीच्या बंदरात उतरलो आणि गुलाम रसूल शेठ यांच्या वखारीत कामाला लागलो. सतरा वर्षे मी तेथे सुपारी, हिरडा आणि भाताची पोती तोलली. मालाला कसे जपतात ते मी तेथे पाहिले. एखादे पोते दमट लागले की शेठ स्वतः आत हात घालून बघत. गेल्या आठवड्यापेक्षा चार शेर कमी भरले तर सारी वखार उपसून उंदराचे बीळ शोधले जाई. पोते आळशी आहे, असे तेथे कोणी म्हणत नसे.

१९२९ साली शेठनी वखारीत मोठा काटा आणला आणि मला मुलींच्या शाळेला देऊन टाकले. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष आत्मारामपंत यांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि ‘आरोग्य’ या विषयावर पाऊण तास भाषण केले. त्या पाऊण तासात उन्हात उभ्या असलेल्या दोन मुली घेरी येऊन पडल्या. पंत पाणी प्यायले आणि त्यांनी भाषण पुढे चालू ठेवले.

हार वाळून गेला. पुढे दीड वर्ष माझ्यावर एकही मूल उभे राहिले नाही. धाकू शिपाई माझ्या फळीवर पाण्याची घागर ठेवी. दादू मास्तर आपली पगडी माझ्या दांडीला अडकवीत. पगडीचे वजन मी रोज घेत होतो. पगडीखालच्या ऐवजाचे वजन घेण्यासारखे काही आहे, असे मला कधी वाटले नाही.

दादू मास्तरांच्या तिसरीच्या वर्गात सगुणा नावाची एक मुलगी होती. वय दहा वर्षांचे. तिचे आईबाप पावसला एका आंब्याच्या बागेत राखणीला होते आणि ती शिकायला मामाकडे रत्नागिरीत राहत असे. ती वर्गात बसल्या बसल्या पेंगायची. चार पायऱ्या चढली की भिंतीला टेकून धापा टाकायची. आणि कोणाचे लक्ष नसले की भिंतीची माती नखाने खरवडून तोंडात टाकायची. मास्तरांनी यावर उपाय शोधला. एका पाटीवर ‘मातीखाऊ’ असे लिहून ती पाटी त्यांनी सुतळीने सगुणेच्या गळ्यात बांधली. शेजारी बसणारी कमळा ही खलाशाची मुलगी होती. मास्तरांची पाठ वळली की ती परकराच्या कडेने पाटीवरची अक्षरे पुसायची. मास्तर पुन्हा लिहायचे. ती पुन्हा पुसायची. त्या वर्गात शिकण्यासारखे जे काही होते ते एवढेच होते.

१९३१ च्या ज्येष्ठात देवीची लस टोचायला येसूबाई शाळेत आल्या. त्या मूळच्या दाभोळच्या. लहानपणी विधवा झाल्या, मिरजेला नर्सचे काम शिकल्या आणि आता रत्नागिरीच्या एका दवाखान्यात होत्या. सगुणेचा दंड हातात घेतल्यावर त्यांना ती पाटी दिसली.

“हे कोणी लिहिलं?”

“मी,” दादू मास्तर म्हणाले. “लाज वाटावी म्हणून.”

“वाटली का?”

“तिला? छे, कोडगी आहे.”

“तिचं नाही विचारत. तुमचं विचारते.”

येसूबाईंनी सगुणेच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून पाहिली. जेथे लाली असायला हवी तेथे भिजलेल्या कागदासारखा पांढरेपणा होता. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी घागर उचलून खाली ठेवली, पगडी काढून मास्तरांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “ये गो बाय, इथं उभी राहा. भिंतीला धरू नको.”

माझ्यावर उभी राहिलेली ती पहिली मुलगी. अडतीस रत्तल, म्हणजे पुरते वीस शेरही नाही! हिरड्याचे अर्धे पोतेही यापेक्षा जड भरते. मला माझीच शंका आली, पण दांडी हलेना.

“मास्तर, ही आळशी नाही,” येसूबाई म्हणाल्या. “हिच्या पोटात दोऱ्यासारखे बारीक जंत आहेत. ते आतड्याला चिकटून रक्त पितात. मग अंगात त्राण उरत नाही आणि पोर माती खाते. बागेतल्या ओल्या मातीत ते असतात, अनवाणी पायांतून शिरतात. तुमच्या मुली शौचाला कुठं जातात?”

“मागं, काजूंच्या रायीत.”

“अनवाणी?”

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली. त्यांचे स्वतःचे जोडे मात्र चांगले करकरीत होते.

दवाखान्याच्या डॉक्टरांची परवानगी काढून येसूबाई दर बुधवारी शाळेत येऊ लागल्या. पडवीत मला मांडून त्या एकेका मुलीचे वजन घेत, डोळे, दात, कान तपासत आणि सारे एका वहीत लिहीत. जंतांचे औषध म्हणजे उग्र वासाचे तेल असे, त्यावर जुलाब द्यावा लागे आणि मुलीवर दिवसभर लक्ष ठेवावे लागे. म्हणून त्या एका बुधवारी पाचच मुलींना दवाखान्यात नेत. सगुणेची पाळी दुसऱ्या बुधवारी आली. कमळेचेही पाय सुजू लागले होते आणि वजन उतरत होते. तिची पाळी चौथ्या बुधवारी होती.

तिसऱ्या बुधवारनंतर आत्मारामपंतांनी हे सारे बंद केले.

“शाळा आहे की इस्पितळ?” ते ओट्यावरूनच गरजले. “वह्यांत मुलींचे रोग लिहितात! उद्या यांची लग्नं व्हायचीत. आणि या बाई आता शाळेला संडास बांधा म्हणतात. आमच्या तीन पिढ्या रायीत गेल्या, काही झालं नाही!”

काही झाले नाही कसे? पंतांची दोन भावंडे पांढरी पडून लहानपणीच गेली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. पण पंतांना आपल्या आवाजाखेरीज दुसरे काही ऐकू येत नसे. संडासाऐवजी त्या महिन्यात शाळेच्या दारावर पाहुण्यांसाठी कमान उभी राहिली.

चौथ्या बुधवारी येसूबाई आल्या तेव्हा फाटकात धाकू आडवा उभा होता. “पंतांचा हुकूम हाय, बाय. मी काय करू?” तो मान खाली घालून म्हणाला.

त्या तशाच पावसात कमळेच्या घरी गेल्या. तिचा बाप गलबतावर होता. आई दारातच म्हणाली, “शाळेनं नको म्हटलंन, मग तां औषध बरा नसेल. धनी आल्याबिगर मी पोर कशी धाडू?” येसूबाई तीनदा गेल्या आणि तीनदा हात हलवीत परत आल्या. शाळेने एकदा ‘नाही’ म्हटले की गरिबाच्या घरात त्याचा किती दबदबा असतो, हे पंतांना कधी कळले नाही.

श्रावणात कमळेला ताप आला. तो पेलायला अंगात रक्तच नव्हते. चौथ्या दिवशी ती गेली.

शाळेला एक दिवस सुट्टी मिळाली. कमिटीने दुःखाचा ठराव एकमताने मंजूर केला. कमळेसाठी त्या माणसांनी एकमताने केलेले हे एकच काम. सगुणा मात्र सुट्टीच्या दिवशीही शाळेत आली आणि पडवीत माझ्या फळीवर गुडघ्यांत डोके घालून बसून राहिली. मी तिचे वजन घेतले. ते चार रत्तलांनी वाढले होते. आकडा वाढला म्हणून वाईट वाटण्याची माझी ती पहिलीच वेळ.

भाद्रपदात कमिटीची सभा भरली. बोलावणे नसताना येसूबाई आत आल्या. एका हातात वही होती, दुसऱ्या हातात सगुणेचा हात. त्यांनी वही पंतांसमोर उघडली. “कमळा. सत्तेचाळीस रत्तल, पंचेचाळीस, त्रेचाळीस. तीन बुधवारांचे आकडे आहेत. चौथ्याची जागा कोरी आहे. ती तुम्ही कोरी ठेवलीत.”

पंतांचा चेहरा लाल झाला, पण माघार घेईल तो पंत कसला! “बाई, तो काटा वखारीतला भंगार आहे. त्याच्या आकड्यांवर विसंबून तुम्ही माझ्यावर आळ घेता?”

मी भंगार! मला बोलता आले असते तर त्या दिवशी रत्नागिरीने काय ऐकले असते कोण जाणे. पण बोलायला दुसरा माणूस उठला. गुलाम रसूल शेठ देणगीदार म्हणून कोपऱ्यात बसले होते. त्यांनी धाकूला वखारीकडे पिटाळले आणि सरकारी शिक्क्याची दोन वजने मागवून घेतली. सगळ्यांदेखत ती माझ्यावर ठेवली. पितळी वजन सरकवले. दांडी आडवी झाली आणि मधोमध थांबली.

“काटा खरा आहे, पंत,” शेठ हळूच म्हणाले. “पोत्यात खोट निघाली तर मी काट्याला शिव्या देत नाही.”

मग सगुणा माझ्यावर चढली. पंचेचाळीस रत्तल. तेवढ्यात दादू मास्तर उभे राहिले. पगडी त्यांच्या हातात होती. “पंत, या मुलीच्या गळ्यात पाटी मी बांधली होती. ती आता पहिल्या पाचांत बसते. मी वीस वर्षं मुलांना आळशी म्हणत आलो. त्यांतली किती आजारी होती, मला आता मोजता यायचं नाही.” मास्तरांविषयी मी फारसे चांगले बोललेलो नाही. पण त्या दिवशी त्या खोलीत स्वतःची चूक उचलण्याइतका जोर त्या एकाच माणसात होता, हे मला सांगितले पाहिजे.

येसूबाईंचा बुधवार पुन्हा सुरू झाला. मागच्या बाजूला संडासही बांधला गेला. पंतांनी ताबडतोब त्यावर संगमरवरी पाटी लावून घेतली: ‘अध्यक्ष आत्मारामपंत यांच्या दूरदृष्टीने’. इतक्या योग्य ठिकाणी स्मारक होण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते.

सहा वर्षे मी मुली तोलल्या. त्या सहा वर्षांत जंतांनी एकही मुलगी गेली नाही. मग १९३७ साली येसूबाईंची दाभोळला बदली झाली. त्यांच्या जागी कोणी आणावे, असे कमिटीला वाटले नाही. आता कोणी मरत नाही, मग नर्स कशाला, असा त्या शहाण्यांचा सवाल होता. छत्री आहे म्हणून आपण भिजलो नाही, हे ज्यांना कळत नाही ती माणसे शाळा चालवतात! मला अडगळीत टाकले. पुढच्या वर्षी संमेलनाच्या खुर्च्यांना जागा हवी म्हणून मला मोडीत काढायचे ठरले.

त्याच आठवड्यात दारात बैलगाडी उभी राहिली. सगुणा सातवीची फायनल परीक्षा पास होऊन पावसच्या शाळेत मास्तरीण झाली होती. काटा मोडीत निघाल्याचे तिला दादू मास्तरांनी पत्राने कळवले होते. ती कमिटीला म्हणाली, “तुम्हाला नको असेल तर मला द्या.” पंतांनी हात झटकले. ती आणि धाकू, दोघांनी मला उचलून गाडीत घातले.

आता मी पावसच्या शाळेच्या पडवीत आहे. दर शनिवारी पोरे रांग लावतात. महिन्यातून एकदा येसूबाई दाभोळहून सुट्टी काढून येतात आणि डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहतात.

तर मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखा कोणी कोपऱ्यात पडला असेल तर त्याच्यावरची घागर उतरवा. कोणी नसेल तर मागा, आणि वजन बघणारे माणूसही मागा. फळीवर सरळ उभे राहा, भिंतीला धरू नका. आकडा मागच्या खेपेपेक्षा कमी आला तर मास्तरांना सांगा. मास्तरांनी ऐकले नाही तर घरी सांगा. घरीही ऐकले नाही तर तिसऱ्या माणसाला सांगा. आणि शेजारच्या मुलीचा आकडा उतरत असेल, तर तिची पाळी येईपर्यंत थांबू नका.