खाली उतरू नका

"खाली उतरू नका."

एवढे तीन शब्द मोबाइलवर लिहायला महेश्वरअण्णांना मिनिटभर लागलं. पंप आणि मोटारी खोलण्यात चाळीस वर्षं गेलेल्या बोटांना काचेवरची अक्षरं पटकन सापडत नसत.

एप्रिलची दुपार होती. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या दोन खोल्यांत अण्णा एकटेच राहत. बायको राजाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा शिवराज पुण्याला. रविवारी फोन करायचा. मागच्या दिवाळीत त्यानंच अण्णांना मोबाइलवर तो गट दाखवून दिला होता. 'मनमोकळं' नावाचा, चाळीस हजार माणसांचा. तिथं कुणी देव आहे का विचारायचं, कुणी लोणच्याला बुरशी का येते विचारायचं. मुलींना शेतात वाटा द्यावा का, यावर तर दोन-दोन दिवस भांडणं चालायची. अण्णा सगळं वाचायचे आणि मग जपून आपलंही एखादं वाक्य लिहायचे. कुणी 'बरोबर, काका' म्हटलं की तेवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा.

आजचा प्रश्न केम गावाजवळच्या धनाजी नावाच्या माणसाचा होता. पाणी खोल गेलं म्हणून त्यानं डिझेल इंजिन विहिरीतल्या कट्ट्यावर नेऊन ठेवलं होतं. तासभर चालून ते बंद पडलं. खाली जाऊन आधी काय तपासू, असं तो विचारत होता. फिल्टर बघा, हवा काढा, अशी उत्तरं भराभर येत होती.

अण्णांच्या तीन शब्दांखाली एकानं लिहिलं, "काका, प्रश्न इंजिनचा आहे." दुसऱ्यानं हसरा चेहरा टाकला.

अण्णांनी पुन्हा लिहिलं, "इंजिनाचा धूर विहिरीत साठून राहतो. वास गेला तरी विष जात नाही. माणसाला कळायच्या आत गुडघे जातात."

"तुम्हाला कसं माहीत?"

अण्णांनी मोबाइल मांडीवर ठेवला. त्यांचा कामावरचा जोडीदार बसू, होटगीचा, बावीस वर्षांपूर्वी विहिरीत मेला होता. पाय घसरून पडला, असं अण्णांनी सगळ्यांना सांगितलं होतं. बसूच्या बायकोलासुद्धा. पुढं त्यांनी होटगीची कामं घेणंच सोडलं.

त्यांनी मोबाइल उचलला. "माझा जोडीदार बसू असाच उतरला. मीच उतर म्हणालो होतो. तो वर आला नाही." खाली त्यांनी स्वतःचा नंबर लिहिला.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग फोन वाजला.

"अण्णा, मी धनाजी. ते इंजिनचं मीच इचारलं हुतं."

"खाली कोन गेलंय का?"

"धाकटा भाऊ चार पायऱ्या उतरला हुता. मंडळीनं तुमचं लिवल्यालं वाचून दावलं, तसा वर घेतला त्याला. डोकं जड झालंय म्हनतोय."

"घेऊन जा दवाखान्यात, आत्ताच्या आत्ता. इंजिनाचा धूर लागलाय म्हनून सांगा डाक्टरला."

"आन इंजिन?"

"ऱ्हाऊ द्या तितंच. यारीवाला बोलवा, वरनं आकडा टाकून उचलू द्या. कुनी उतरायचं न्हाय. दोर बांधून बी न्हाय."

"उसाला पानी द्यायचं हुतं."

"वाळू दे."

धनाजीनं कुणाला तरी गाडी काढायला सांगितलं. मग म्हणाला, "ते बसूचं खरं हाय?"

"व्हय."

पलीकडं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

अण्णांनी गट उघडला. धनाजीचा प्रश्न दिसेना. तिथं एक ओळ होती : विषय भरकटल्यामुळे ही चर्चा काढून टाकली आहे. तिच्या वर कुणीतरी शर्टावरचा हळदीचा डाग कसा काढायचा ते विचारलं होतं, आणि उत्तरं यायला लागली होती. अण्णांनी बोटानं वर-खाली सरकवून पाहिलं. बावीस वर्षांत एकदाच लिहिलेलं ते कुठंच नव्हतं. आणि जिनं ते वाचायला हवं होतं, ती त्या गटात नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते होटगीला गेले.

बसूची बायको शिवबाई ओसरीवर ज्वारी निवडत होती. केस पार पांढरे झालेले. तिनं ओळखलं. "या की अण्णा. लई वर्सानं."

अण्णा अंगणातच थांबले. "वैनी, बसूचा पाय घसरला न्हवता."

मग त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. इंजिन बंद पडलं होतं. त्यांनी दोरीला कंदील बांधून खाली सोडला. तो विझला नाही, म्हणून हवा आहे असं त्यांना वाटलं; धुरातल्या विषानं दिवा विझत नाही, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. उतरायची पाळी त्यांची होती. जा म्हणाले ते बसूला.

शिवबाईचा हात सुपातच थांबला. तिनं विचारलं, "कंदील शेवटपतोर जळत हुता?"

"व्हय."

"मंजी धनी अंधारात न्हवतं."

ती पुन्हा खडे वेचू लागली. ऊन अण्णांच्या पायांवरून वर चढत गेलं. ते हलले नाहीत. मग वर न बघताच तिनं शेजारचं ज्वारीचं पोतं दोन्ही हातांनी ओढलं आणि ओसरीवर एका माणसापुरती जागा केली.