परातीतले किडे

धाडच्या बाजारात त्या दिवशी मिरचीवाल्या बायका नुसत्याच बसून होत्या. सगळं गिऱ्हाईक कडुनिंबाखाली लोटलं होतं. तिथे धूपनाथ महाराज लोकांच्या दाढांतून किडे काढत होते.

पाण्यानं भरलेली परात, परातीत वीट, विटेवर लालबुंद लोखंडी पत्रा. महाराज पत्र्यावर कसल्याशा बियांची चिमूट टाकायचे, वर तेलाचा थेंब सोडायचे. चरचर करून धूर उठला की दुखणाईत माणसानं त्यावर तोंड उघडून वाकायचं आणि महाराजांनी त्याच्या डोक्यावरून घोंगडी पांघरायची. घोंगडी काढली की परातीत बारीक, पांढरे, वाकडे किडे तरंगताना दिसायचे.

"देखो! हे किडे पाताळातून येतात!" महाराज गरजले. "दाढेत बीळ करतात आणि रातभर मगज खातात. डॉक्टर काय करतो? दात उपटतो! अरे, घरात चोर शिरला म्हणून घर पाडता का बे?"

लोक हसले, हात जोडू लागले.

गर्दीत पंचफुला उभी होती. सुलतानपूरच्या माळवं, म्हणजे भाजीपाला, विकणाऱ्यांची ही मुलगी. शहरातल्या रुग्णालयात ती दातांच्या स्वच्छतेचं शिक्षण घेत होती. तिचे शिक्षक डॉक्टर वामनराव यांनी धाडच्या शाळेत दातांचं शिबिर लावलं होतं आणि रुग्णांना बोलावून आणायला तिला बाजारात धाडलं होतं. निघताना ते म्हणाले होते, "हत्यार नंतर. आधी माणसाशी बोल. काय करणार ते सांग, मग कुणावर तरी करून दाखव, मगच त्याच्या तोंडाला हात लाव. आणि कुणाच्या विश्वासाला हसू नकोस. ज्याला आपण हसतो, तो परत आपल्याकडे येत नाही."

तेवढ्यात रांगेतली एक बाई तिच्या नजरेला पडली आणि ती गर्दीतून तिच्याकडे सरकली.

बाई तरुण होती. नाव गीताबाई. नवरा दयाराम तिला धरून होता आणि सासू मनकर्णाबाई गर्दीतून वाट काढत होती. गीताबाईचा गाल सुजला होताच, पण सूज हनुवटीखाली उतरून गळ्यापर्यंत गेली होती. तोंड बोटभरच उघडत होतं. लाळ गळत होती. तिला ती गिळता येत नव्हती. पंचफुलानं हलकेच सुजेला बोट लावलं. लाकडासारखी टणक. वर्गात डॉक्टरांनी फळा पुसता पुसता सांगितलं होतं: गाल सुजला तर घाई करा, जिभेखालून गळा सुजला तर धावा, श्वास कधी कोंडेल याचा नेम नसतो.

"मावशी, हिले आत्ताच्या आत्ता शाळेत न्या. डॉक्टर आहेत तिथी."

"सरक वो पोरी," मनकर्णाबाई तोंडावरचा पदर न काढता म्हणाली. "डॉक्टर दात उपटते अन् माणूस मरते. महाराज नुसते किडे काढते. मंग आराम पडते."

"पण तिले श्वास घेता येऊन नाही राह्यला! धुरात वाकवलं तं..."

"शहरातून शिकून आली अन् महाराजाले शिकवते!" मागून कुणीतरी ओरडलं. "काऊन वो, तुह्या डॉक्टरचं दुकान चालत नाही का?"

पुन्हा हशा. पंचफुलाच्या जिभेवर चार तिखट शब्द आले. तिनं ते गिळले. आता भांडत बसलं तर गर्दी जिंकेल आणि ही बाई जाईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

महाराजांनी घोंगडी उचलली. "या, बेटी!"

गीताबाईनं घोंगडी पाहिली आणि दयारामचा हात गच्च धरला. मान हलवून ती नको, नको म्हणू लागली.

"वहिनी घाबरली," डॉक्टरांचं 'कुणावर तरी करून दाखव' आठवून पंचफुला पटकन म्हणाली. "मावशी, आधी तुम्ही धुरी घेऊन दाखवा. तुम्हाले काही झालं नाही हे पाह्यलं, की तिची भीती जाईन."

"हाव आई," दयाराम म्हणाला. "तूच घे आधी."

"शाबास!" महाराज खुलले. एकाऐवजी दोन दक्षिणा. "या माई. तुमच्या दाढांतही भुजंग बसलेत, मला इथूनच दिसून राह्यले!"

मनकर्णाबाई वाकली. घोंगडी पडली. मंत्र सुरू झाला. गीताबाईच्या घशातून घरघर ऐकू येत होती आणि दयाराम तिच्या पाठीवरून हात फिरवत होता. घोंगडी निघाली. परातीत किडेच किडे!

"पाहा! सगळ्या दाढा पोखरल्या होत्या!"

मनकर्णाबाई परातीकडे पाहतच राहिली. मग सावकाश म्हणाली, "महाराज, कोणत्या बाजूचे होते?"

"उजवीकडचे, माई. खालच्या दाढेच्या मुळाशी."

म्हातारीनं पदर बाजूला केला आणि लोकांकडे वळून आ वासला. आत नुसत्या गुलाबी हिरड्या. "माह्या तोंडात एक बी दात नाही, बापा. किती वर्सं झाले! मंग हे किडे आले कोठून?"

एक पोरगा फिसकन हसला. बाकी कुणी हसलं नाही. कारण एक मिरचीवाली हळूच बोलली होती, "गेल्या बाजाराले किसनरावचे बी असेच निघाले होते. त्याचा बी गळा सुजला होता. आजचा बाजार नाही पाह्यला त्यानं."

"त्याची श्रद्धा कमी पडली!" महाराज म्हणाले. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

लोक आता पंचफुलाकडे पाहत होते. महाराजांची युक्ती उलगडून सांगायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. पण गीताबाईचे ओठ काळसर पडू लागले होते.

"दयारामभाऊ, उचला तिले!"

शाळेत डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि हातातलं काम सोडलं. तिला आडवं न करता बसवूनच ठेवलं. पंचफुलानं तिचा हात हातात घेतला. "वहिनी, आता डॉक्टर हनुवटीखाली सुई देईन. मंग छोटा चिरा. सहन नाही झालं तं माहा हात दाबा, आम्ही थांबू." गीताबाईला बोलता येत नव्हतं. तिनं हात दोनदा दाबला, दोन्ही वेळा डॉक्टर थांबले. चिऱ्यातून घाण वास मारणारा पू आला. तरी श्वास पुरता मोकळा होईना. शिबिराची जीप तिला घेऊन बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्याकडे निघाली तेव्हा डॉक्टर दयारामला एवढंच म्हणाले, "आत्ता काही सांगता येत नाही." मनकर्णाबाई शाळेच्या पायरीवर बसून राहिली.

गीताबाई वाचली. पुढच्या बाजाराला ती दवाखान्यातच होती, पण पेज गिळत होती. महाराज मात्र पळाले होते. पळताना त्यांची परात, पत्रा, घोंगडी आणि बियांची पिशवी कडुनिंबाखालीच राहिली होती.

त्या बाजाराच्या दिवशी पंचफुलानं लोकांसमोर तिथेच सगळं मांडलं. वीट, तापलेला पत्रा, चिमूटभर बिया. परातीवर एक रिकामं स्टूल ठेवून त्यावर घोंगडी पांघरली. घोंगडी काढली तर परातीत किडे!

"आता हे स्टुलाच्या कोणत्या दाढेतून पडले?" मनकर्णाबाईनं सगळ्यांना विचारलं.

पंचफुलानं तळहातावर बी घेतली. "ही भुईरिंगणी. बांधावर काट्यात उगवते, तुमच्या ओळखीची. बीच्या पोटात वाकडा, पांढरा कोंब असते. बी तापली की फुटते अन् कोंब उडून पाण्यात पडते. पाणी हललं की तो वळवळल्यासारखा दिसते. धुरानं दाढ घडीभर बधिर होते, म्हणून बरं वाटते. दुखणं झोपते, पण पू जागाच राह्यते. दात पोखरते ते त्यात अडकलेलं अन्न सडून. ते रोज घासून काढा लागते, मंत्रानं निघत नाही."

कुणी पुढे वाकून कोंब बोटानं उचलला, चिरडला, हुंगला. किडा नव्हताच तो.

असं कुणी आपल्या अंगातून काही काढून दाखवलं, तर हात जोडण्याआधी त्याला एवढंच म्हणावं: आता अंग बाजूला ठेवून काढून दाखव. खरं असेल तर या प्रश्नानं ते मोडत नाही. आणि गळा सुजला, तोंड उघडेना, गिळवेना, तर प्रश्न विचारायलाही थांबू नये. दवाखाना गाठावा. सूज कुणाच्या श्रद्धेची वाट पाहत नाही.