यमुना शेवटी गेली की नाही?

कुमुद आणि सत्यवती एकमेकींशी बोलेनाशा झाल्या, त्याचा पहिला फटका बसला दिनानाथच्या नखांना.

लाइन आळीतल्या त्या इमारतीत जिना चढून गेलं की डाव्या हाताला दिनानाथ-कुमुद आणि उजव्या हाताला विनायक-सत्यवती. मधे दोन पायपुसणी जेमतेम मावतील एवढी जागा. त्या जागेत बसून दोघी बायका दर रविवारी मोड आलेले वाल सोलायच्या. वाल सोलणं हे एकट्यादुकट्याचं कामच नव्हे. दाणा चिमटीत दाबला की सालातून सुळकन निसटतो आणि समोरच्या शेजारणीच्या मांडीवर जाऊन पडतो. समोर शेजारीण नसेल तर तो कपाटाखाली जातो. आता शेजारीण नव्हती, म्हणून तिच्या जागी दिनानाथ बसला होता.

"अहो, नखं नका लावू. दाणा तुटतोय."

"मग काय लावू?"

"जीव लावा जरा."

दुसरा फटका त्याहून मोठा होता. दिनानाथ आणि विनायक रविवारी दुपारी कॅरम खेळत. बोर्ड दिनानाथकडे आणि सोंगट्या विनायककडे, अशी वाटणी त्यांनी लग्नाच्या आधीच करून ठेवली होती. एकाला सोडून दुसऱ्याने खेळू नये म्हणून. आता सत्यवतीने सोंगट्यांचा डबा कपाटात घातला होता आणि किल्ली कमरेला लावली होती.

"ज्या घरात यमुनेचा अपमान होतो त्या घरात माझ्या सोंगट्या जाणार नाहीत," असं तिने जाहीर केलं होतं.

ही यमुना म्हणजे 'पैलतीरावरची दिवेलागण' या कादंबरीची नायिका. कॉलेजात असताना दोघींनीही ती उशीखाली ठेवून वाचली होती. तिच्यावर फार वर्षांपूर्वी एक काळापांढरा सिनेमा निघाला होता. त्यात यमुना भर मांडवातून उठते, मुंडावळ्या फेकते आणि नदीवर धावत जाऊन अविनाशच्या होडीत बसते. कुमुद त्या सिनेमाला इतकी रडली होती की पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून तिला पाणी दिलं होतं. आता यंदा दूरदर्शनवर त्याच कादंबरीची मालिका आली. तिच्यात यमुना हातात दिवा घेऊन दारात उभी राहते, होडी निघून जाते, दिवा दिसत राहतो, दिसतच राहतो, आणि नावं यायला लागतात. ते पाहून सत्यवतीला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

शेवटचा भाग दोघींनी सत्यवतीच्या टीव्हीवर एकत्रच पाहिला. तिथेच ठिणगी पडली.

"ही यमुना आहे की खुंटीला अडकवलेली छत्री?" कुमुद म्हणाली. "सगळे भाग नुसती टेकून उभी!"

"आणि तुझी ती सिनेमातली? नदीवर निघालीय की एसटी पकडायला?"

त्या दिवसापासून 'सत्या'ची 'सत्यवतीबाई' झाली आणि 'कुमुद'ची 'कुमुदताई'. खरं तर कादंबरी दोघींच्याही कपाटात होती. पण उघडून बघायची गरज कुणालाच वाटेना. जे तोंडपाठ आहे ते कशाला उघडून बघायचं?

शेवटी दोघे नवरे वडाळे तळ्याच्या कट्ट्यावर भेटले, चोरून भेटणाऱ्या प्रेमिकांसारखे.

"दिना, माझं बोट शिवशिवतंय रे," विनायक म्हणाला.

"माझी बोटं बघ." दिनानाथने पिवळी पडलेली नखं दाखवली. "यावर काहीतरी केलं पाहिजे, विन्या."

विनायकची योजना सोपी होती. इमारतीतल्या सगळ्यांना बोलवायचं, दोन्ही शेवट एकापाठोपाठ एक दाखवायचे आणि हात वर करून मतदान घ्यायचं. "जी हरेल ती गप्प बसेल."

"तुझं लग्न नक्की झालंय ना?" दिनानाथने विचारलं. पण दुसरी योजना त्याच्याकडेही नव्हती.

सिनेमाची कॅसेट इमारतीखालच्या हितेशभाईच्या व्हिडिओच्या दुकानात मिळाली. मालिका मिळाली रोडपालीला. तिथले महादेवशेठ विनायकच्या ओळखीचे. त्यांच्या बायकोने, हौसाबाईंनी, सगळी मालिका टेप करून ठेवली होती. व्हीसीआर न्यायला त्यांची ना नव्हती, पण शेवटच्या भागाची कॅसेट त्या सोडायला तयार होईनात. "ती माझे हातातून जायची नाय. मीच येतंय," असं सांगून त्या रविवारी दुपारी ब्लाउजपिसात गुंडाळलेली कॅसेट छातीशी धरून जीपमधून उतरल्या. मागून महादेवशेठ व्हीसीआर घेऊन आले.

सत्यवतीच्या खोलीत इमारत गोळा झाली. कुमुद डाव्या भिंतीला, सत्यवती उजव्या. मधे दोन्ही नवरे, सरहद्दीवरच्या खांबांसारखे.

आधी सिनेमा लागला. यमुना रडली, तिचे वडील रडले, भटजीसुद्धा रडले. कुमुदने पदर तयार ठेवला. यमुनेने मुंडावळ्या फेकल्या, ती धावली, बाभळी ओलांडल्या, घाटाच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं, आणि पडद्यावर अक्षरं आली: 'हितेश व्हिडिओ, आपल्या सेवेत'. मग एका मिशाळ माणसाने दुसऱ्या मिशाळ माणसाला साखळीने मारायला सुरुवात केली.

दिनानाथ गॅलरीत धावला. "हितेशभाई! शेवट कुठाय?"

खालून हितेशभाईने वर पाहिलं. "कसला शेवट, साहेब?"

"ती होडीत बसते तो!"

"दोन पिक्चर एका कॅसेटमध्ये बसवायचे तर कात्री लावायलाच लागते ना! लव्हस्टोरीचा शेवट काय, सगळ्यांना माहितीच असतो. फायटिंग बघा, एक गुद्दा कापला नाही!"

 कुमुदने फक्त दिनानाथकडे पाहिलं. बाहेर एवढं ऊन असताना दिनानाथला गार वाटलं.

मग मालिका. यमुना दारात. हातात दिवा. होडी हळूहळू सरकू लागली. सत्यवती ताठ बसली. वाऱ्याने ज्योत थरथरली, यमुनेने ओठ उघडले, आणि ढँण् करून बेंजो वाजला. पडद्यावर हळदीने पिवळाधमक झालेला एक तरुण आला आणि त्याच्या डोक्यावर कुणीतरी तांब्याभर पाणी ओतलं.

"आगो बाय!" हौसाबाई ओरडल्या. "ही तं आमचे पोराची, बालूची हलद!"

सगळ्यांनी महादेवशेठकडे पाहिलं. त्यांनी मान खाजवली. "त्ये दिवशी शूटिंगवाल्याची कॅसेट संपली. घरात हीच घावली. मी बगला, ही बाई नुस्ती उभीच हाय. म्हटला, तिचा काय जातंय?"

"माझी यमुना पुसलात तुमी?" हौसाबाई उठल्याच. तेवढ्यात पडद्यावर त्या स्वतः आल्या, नऊवारी खोचून, डोक्यावर कळशी घेऊन नाचत. त्या पुन्हा खाली बसल्या. "थांबा, हा भाग बगा. पुढं माझी भैण येतं."

कॅसेट बंद करायचं कुणाला सुचलंच नाही. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणी गात होत्या, हौसाबाईंचा सासरा बेंजोवाल्याच्या पायात अडकून पडत होता, बाळू पाटावरून पळू पाहत होता आणि मामा त्याला धरून आणत होते. इमारत मांडी ठोकून बघत राहिली.

"एक कॅसेट तपासून आणता येत नाही या माणसांना," सत्यवती एकदम म्हणाली. "यांना कोथिंबीर आणायला सांगितली ना, कुमुद, की मेथी आणतात."

दिनानाथचे कान टवकारले. 'ताई' नव्हतं!

"आमचे तर पिशवीच विसरून येतात, सत्या," कुमुद म्हणाली.

"कॅसेट आणायला दोघं गेले होते म्हणे."

"दोघांचं मिळून एकाएवढंसुद्धा डोकं नाही."

दोघी भिंती सोडून मधे सरकल्या आणि नवऱ्यांचा उद्धार सुरू झाला. दिनानाथने डोळे मिटून ऐकला. लग्नात सनईसुद्धा त्याला इतकी गोड लागली नव्हती. तळमजल्यावरच्या तुळशीराम काकांनी मतदानाची आठवण केली, तेव्हा सगळ्यांनी हात वर करून बाळूच्या हळदीला निवडून दिलं.

आणि जीपमध्ये बसता बसता हौसाबाईंनी विचारलं, "पण बायांनो, शेवटी ती गेली का नाय गेली?"

"गेली," कुमुद म्हणाली.

"नाही गेली," सत्यवती म्हणाली.

दोन्ही एकाच वेळी. विनायकने दिनानाथचा हात घट्ट धरला. जीप निघून गेली तरी दोघी तशाच उभ्या.

"पुस्तकात काय आहे गं?" सत्यवतीने विचारलं.

"अख्खं पाठ आहे मला." कुमुद जरा थांबली. "शेवट तेवढा... म्हणजे सिनेमातलाच आठवतो."

"मला मालिकेतलाच."

"शेवटचं पान बघू या?" विनायकने सुचवलं.

"भाऊजी!" कुमुद ओरडली. "शेवटचं पान आधी बघतं का कुणी? पहिल्यापासून वाचायला हवं."

पुढच्या रविवारी सत्यवती सोंगट्यांचा डबा घेऊन स्वतः आली. विनायक मागोमाग. दिनानाथने बोर्ड मांडला, त्यावर पावडर भुरभुरवली आणि तळहाताने मायेने फिरवली. एवढ्यात कुमुद पातेलं घेऊन आली आणि तिने मोड आलेले वाल बोर्डाच्या मधोमध ओतले.

"हे काय?"

"बोर्डाला कड आहे ना, दाणे पळत नाहीत. आम्हाला कादंबरी वाचायचीय. वालाच्या हातांनी पुस्तकाला हात लावायचा का? आणि कॅसेटचं विसरलो नाही हं आम्ही."

दोघी पायपुसण्यांवर पाय पसरून बसल्या आणि आळीपाळीने मोठ्याने वाचू लागल्या. पहिल्या प्रकरणात यमुना अजून परकर-पोलक्यात होती. पुस्तक चांगलं जाडजूड होतं.

"विन्या, ही मोठी कधी होणार रे?" दिनानाथ कुजबुजला.

"दिवाळीपर्यंत होईल."

विनायकने सोललेला एक वाल मधल्या वर्तुळात ठेवला. दाराबाहेरच्या बायकांकडे तिरकं पाहिलं, बोट ताणलं आणि टिचकी मारली. वाल सुळकन कोपऱ्यातल्या जाळीत गेला.

"राणी," तो हळूच म्हणाला.

"कव्हर घे," दिनानाथ म्हणाला, आणि त्याने दुसरा दाणा सोलायला घेतला.