कुलाब्याचं एक मत

सत्यवती लेकाकडून परत आली, तेव्हा तिच्या उंबऱ्याला खिळे ठोकलेले होते. नवे, लांबलचक. शेजारी फुटका नारळ आणि वाळून काळं पडलेलं लिंबू. तिनं पिशवी खाली ठेवली. मग कोयत्याच्या पाठीनं एकेक खिळा उपटला आणि दार उघडलं.

आमचं खारकोंड बोर्ली पंचतनच्या पुढं, समुद्राच्या कडेला. वर सुपारीच्या वाड्या, खाली भाताची खाचरं, आणि खाचरं नि खाडी यांच्यामध्ये एक मातीचा बांध. बांध मधोमध खचलेला. मोठ्या भरतीला खारं पाणी आत शिरतं आणि भाताची जमीन पांढरी पडते. हे गेली वीस वर्षं चाललंय, आणि गावाच्या मते त्याला जबाबदार सत्यवतीचा नवरा, रावजी.

तेव्हा आमचा खासदारकीचा मतदारसंघ कुलाबा होता. कुलाब्याची ती शेवटची निवडणूक, पण शेवटची आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. एका उमेदवारानं बांध बांधून देतो म्हणून शब्द दिला. गावकी बसली. गावकीचा म्होरक्या चांगदेव, रावजीचा थोरला चुलतभाऊ. देवळात नारळावर हात ठेवून ठरलं, की सगळं गाव एकाच चिन्हाला मत देईल. बाहेर एक मत जाता कामा नये.

पूर्वी कागदाच्या मतपत्रिका होत्या, मोजताना चार गावांच्या एकमेकांत मिसळायच्या. कुणी कुठं शिक्का मारला याचा पत्ता लागायचा नाही. त्या वर्षी आमच्याकडं यंत्र आलं, आणि प्रत्येक यंत्राचा आकडा वेगळा कळला. खारकोंडची सगळी मतं ठरल्या चिन्हाला, फक्त एक दुसऱ्याला.

उमेदवार निवडून आला की पडला हे मी सांगत बसत नाही. बांध झाला नाही, एवढं खरं. त्याचा माणूस येऊन हसत सांगून गेला, तुमच्यातच फितूर हाय, आता कुठल्या तोंडानं मागता.

मग गावकीनं एकेकाला देवळात बोलावून नारळावर हात ठेवायला लावला. पुरुषांनी ठेवला. बायकांना कुणी विचारलंच नाही, घरधनी देईल तिकडंच बाई देणार हे धरून चालले होते. रावजीची पाळी आली तेव्हा त्यानं हात मागं घेतला.

"चांगदेवदादा, मत माझं हाय. तुमच्याच मान्साला दिलं आसंल, तरी सांगनार न्हाय," तो म्हणाला.

एवढ्यावर त्याला वाळीत टाकलं. त्याच्याशी बोलायचं नाही, दुकानात माल द्यायचा नाही, लावणीला कुणी जायचं नाही, लग्नकार्यात पान मांडायचं नाही. बौद्धवाडीतले बुधाजी गुरुजी तेवढे त्याच्या ओट्यावर येऊन बसत. ते आमच्या गावकीत मोडत नव्हते, त्यांच्या वाडीचं मतदानही वेगळ्या केंद्रावर. पुढं वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा झाला तेव्हा त्यांनी तक्रार दे म्हणून सांगितलं. रावजी म्हणाला, "गुर्जी, मला त्यांना आत घालायचं न्हाय. त्यांनी बोलायला पायजे."

काही वर्षांनी कुलाबाच गेला. मतदारसंघ नव्यानं पाडले, आमचा रायगड झाला, आणि उरण-पनवेलकडचे मावळाला जोडले गेले. सत्यवती गावकीपुढं गेली होती. ज्या कुलाब्यात आमचा गुन्हा झाला तो कुलाबाच उरला न्हाय, मग गुन्हा कुठं उरला, असं तिनं विचारलं. चांगदेवनं भिंतीकडं बघत उत्तर दिलं, की नाव सरकारनं बदललंय, गाव तेच आहे.

त्यानंतरच्या कुठल्याच मतदानात खारकोंडचं एक मत बाहेर गेलं नाही. रावजी सुधारला, असं गाव म्हणायचं. पण बोलायचं कुणी नाही. कोरोनात सगळी दारं बंद झाली तेव्हा तो सत्यवतीला म्हणाला होता, आता आख्खं गाव वाळीत पडलं. त्याच पावसाळ्याच्या तोंडाला चक्रीवादळ आलं आणि सुपारीची झाडं आडवी करून गेलं. पडलेले सोट एकट्यानं ओढता ओढता रावजी वाडीतच बसला, तो उठला नाही. लेक प्रणय न्हावा शेव्याला कंटेनरच्या ट्रेलरवर ड्रायव्हर. तो एका ट्रकमधून कसाबसा आला. खांदा द्यायला बुधाजी गुरुजी आणि बौद्धवाडीतली माणसं आली. गाव दाराआडून बघत होतं.

आता गेल्या उन्हाळ्यात पुन्हा लोकसभेचं मतदान झालं. सत्यवती तेव्हा प्रणयकडं होती, सून विनिता बाळंत झाली म्हणून. घराला कुलूप होतं आणि तिनं मत दिलं नाही, हे गावाला पक्कं ठाऊक. गावकीनं नेहमीसारखं चिन्ह ठरवलं. आकडे आले, आणि एक मत दुसऱ्याला.

गाव घाबरलं. एवढी वर्षं मेलेलं ते एक मत, रावजी मेल्यावर उठलं होतं. मग एकानं सांगितलं की मतदानाच्या रांगेत आपल्या मागं कुणीतरी खोकत होतं, वळून बघतो तर जागा मोकळी. दुसऱ्याला बांधावर सांजेला रावजीची टोपी दिसली. शाळेच्या ज्या खोलीत यंत्र ठेवलं होतं तिथं पोरं बसेनात. कौल लावला, भगत आणला, आणि रावजीच्या उंबऱ्याला खिळे ठोकले.

ते खिळे उपटून सत्यवती मागं वाडीत झावळ्या गोळा करत होती, तेव्हा कुंपणाच्या कुडापलीकडून हाक आली. चांगदेवची बायको कमळाबाई. वीस वर्षांत पहिली हाक. ती कूड ओलांडून आत आली आणि पडल्या सोटावर बसली.

"सत्यवती, त्ये मत माझं," ती म्हणाली. "औंदाचं बी, आनि त्या टायमाचं बी."

सत्यवतीच्या हातातली झावळी तशीच राहिली. का दिलं, एवढंच तिनं विचारलं.

"मला बी सांगता येनार न्हाय. त्या पुठ्ठ्याच्या आड मी एकटी व्हते. लगीन झाल्यापासनं तशी एकटी पैल्यांदाच. बोट गेलं." पुढं सगळी हकीकत सांगितली. रावजीला धरलं तेव्हा तिची बोलायची छाती झाली नाही. मधल्या साऱ्या मतदानांत तिनं नवऱ्यानं सांगितलं तिकडंच बटण दाबलं. यंदा तिनं मुद्दाम दुसरं दाबलं. रावजी नाही, सत्यवती गावात नाही. आता मत निघालं तर गावाला कळेल की तेव्हाही रावजी नव्हता. तिला वाटलं होतं, तो सुटेल.

"आनि त्यांनी त्याचं भूत केलं," सत्यवती म्हणाली. "मयताला तरी यायचं व्हतंस."

"आले व्हते. ह्या कुडाआड व्हते."

सत्यवतीनं तिला पाणी विचारलं नाही. जा म्हणाली, आणि झावळ्या ओढायला लागली. कमळाबाई गेली तरी ती ओढतच राहिली. ज्या घरातून वाळीत टाकल्याचा हुकूम आला, त्याच घरात ते मत वीस वर्षं झाकून ठेवलेलं होतं, आणि रावजी हे न कळताच गेला.

खिळे उपटल्याचं गावाला समजलं, तशी दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं गावकी भरली. भगत म्हणाला, घरच मंत्रानं बांधायला पाहिजे, सत्यवतीला बाहेर काढा. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून कमळाबाई पुढं आली आणि पदर सावरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. दोन्ही मतं माझी. रावजीभावजींचा काडीचा दोष न्हाय.

मी तिथं होतो, चांगदेवचं तोंड मला दिसत होतं. तिचं बोलणं खरं आहे, हे त्याला त्या क्षणी पटलं होतं. पण बायकोनं आपल्या शब्दाबाहेर बोट ठेवलं, आणि त्यापायी आपण भावाला मारलं, हे सोसण्यापेक्षा दुसरं सोपं होतं. तो खाली मान घालून हळू म्हणाला, "ही न्हाय बोलत. रावजी बोलतोय."

सुटल्यासारखं सगळं गाव हललं. व्हय, रावजीच, आवाज बी त्याचाच. भगतानं तिचे केस धरले, कोण आहेस सांग म्हणून राख फुंकली. ती म्हणत होती, मी कमळा हाय. जितकं म्हणावं तितका तो ओढत होता.

तेव्हा सत्यवती आली. देवळाच्या आवारात वीस वर्षांनी. तिला कुणी अडवलं नाही, उलट वाट दिली. तिच्या मागं रावजी असेल अशी भीती प्रत्येकाच्या डोळ्यांत होती. तिनं भगताचा हात बाजूला केला.

"हिच्या अंगात कोन न्हाय. ही शुद्धीवर हाय, म्हनून तुमाला भ्या वाटतंय," ती म्हणाली, आणि कमळाबाईला दंडाला धरून आपल्या घरी घेऊन गेली. तिथं तिनं तिचे केस विंचरले, राख पुसली. दोघी काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. सांजेला कमळाबाई आपल्या घरी परतली. तेव्हापासून चांगदेव तिच्याशी बोलत नाही. घरातल्या घरात वाळीत हाय मी, असं ती सत्यवतीला सांगते. गावकीला मात्र त्यानं या अबोल्याचं कधी सांगितलं नाही.

पावसाळ्यानंतर विधानसभेचं मतदान आलं. गावकी बसली, चिन्ह ठरलं, पण नारळ पुढं करायला कुणाचा हात उठेना. आकडे आले तेव्हा खारकोंडची मतं चारी वाटांना फुटली होती. रावजी कितीजणींच्या अंगात येऊन गेला असेल, याचा हिशेब कुणी मांडला नाही.

या वैशाखात खचल्या बांधातून पाणी आणखी वर चढलं आणि खालच्या अंगाच्या विहिरी खारट झाल्या. सत्यवतीची विहीर वरच्या अंगाला, गोड्या पाण्याची. एक दिवस चांगदेवची सून जागृती भर उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कळशी घेऊन तिथं येऊन उभी राहिली. सत्यवतीनं विचारलं, घरी कुणी बोललं तर काय सांगशील.

"सांगंन, रावजीकाकांनी बोलवलं," जागृती म्हणाली.

सत्यवतीनं वाडीकडं पाहिलं. वादळात पडलेल्या झाडांच्या जागी लावलेली रोपं आता तिच्या खांद्याला लागली होती.

"बोलवलंच आसंल," ती म्हणाली. "भर पानी."