तायडे सरांची सही

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. जळगावच्या एका तांत्रिक शाळेत सत्तावीस वर्षं मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतला. पोरांना जेवढं इंजिन शिकवलं, तेवढाच त्यांचा उद्धारही केला. ढिला नट दिसला की माझं डोकं फिरायचं. पण 'तायडे सरांनी पास केलाय' एवढं सांगितलं की भुसावळपासून धुळ्यापर्यंत कुठल्याही गॅरेजात पोराला कामावर ठेवून घ्यायचे. प्रमाणपत्रावर माझी सही असायची, देवचंद तायडे, खाली दोन ठसठशीत रेघा. त्या सहीचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू?

हा गर्वच मला नडला. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. धुळ्याला आग्रा रोडवर वनाशेठ नावाच्या माणसानं 'खात्री मोटर्स' उघडलं. धंदा जुन्या गाड्या विकायचा, पण वनाशेठच्या डोक्यात नवीन खूळ होतं. तो नुसती जुनी गाडी विकणार नव्हता, 'प्रमाणित' जुनी गाडी विकणार होता. प्रत्येक गाडीबरोबर एक छापील कागद. त्यावर एक्कावन्न कलमं, ब्रेकपासून वायपरपर्यंत, आणि प्रत्येकापुढे 'ठीक'. खाली 'तज्ज्ञ तपासनीस' आणि सहीची जागा.

उद्घाटनाला मला बोलावलं. फेटा बांधला, शाल पांघरली, हातात नारळ दिला. माइकवरच्या माणसानं माझा उल्लेख 'खान्देशचे यंत्रमहर्षी' असा केला. मी आयुष्यात पहिल्यांदाच महर्षी झालो होतो, त्यामुळे मला ते बरोबरच वाटलं. मग भरीत-पुरीचं जेवण झालं. पानाच्या वेळी वनाशेठनं त्या छापील कागदांचं पॅड पुढे केलं.

"सर, तुम्ही दर गाडीला जळगावहून धुळ्याला येणार का? तुमच्या जिवाला त्रास. सह्या करून ठेवा. गाड्या माझी पोरं तपासतील. पोरं कोणाची? तुमच्याच हाताखालची."

मी एरवी त्याला तिथंच झापला असता. पण डोक्यावर फेटा असताना माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, हा माझा अनुभव आहे. शंभर माणसं बघताहेत, पोटात त्याचं भरीत आहे, आणि आपण महर्षी! मी पॅड मांडीवर घेतलं आणि सह्या केल्या. पन्नास. पन्नासाव्या सहीच्या रेघासुद्धा पहिलीइतक्याच सरळ आल्या, याचं मला कौतुक वाटलं.

घरी आल्यावर पुष्पाला, म्हणजे माझ्या बायकोला, नारळ दिला. तिनं त्याची चटणी केली आणि विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

तीन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, आमच्या गल्लीत लाल रंगाची गाडी शिरली. दोन दारं, बुटकी, वरचं छप्पर कापडाचं आणि तेही मागे दुमडलेलं. मुंबईच्या कोण्या शेठनं हौसेनं परदेशातून आणवलेली, मग कंटाळून विकलेली, मग आणखी दोघांनी कंटाळून विकलेली. गल्लीतली सगळी पोरं मागे पळत होती. गाडीतून उतरला भिकन.

भिकन माझा विद्यार्थी. पारोळ्याला त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. प्रात्यक्षिक परीक्षेत ब्रेकच्या नळीचा नट त्यानं अर्धा आटा सैल ठेवला होता, म्हणून मी त्याला एक वर्ष नापास केलं होतं. बापानं त्याला त्या वर्षी हमालीला लावला. पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, पास झाला, आणि तेव्हापासून मला देवासारखा मानायचा. वेगवान गाडीचं वेड त्याला शाळेत असल्यापासून होतं. वहीच्या कव्हरवर अशाच गाडीचं चित्र चिकटवलेलं असायचं आणि त्यावरूनही मी त्याला बोललो होतो.

"जयभीम सर! घ्या पेढा. तुमच्यामुळेच घेतली." त्यानं पिशवीतून कागद काढला. लॅमिनेशन केलेला. एक्कावन्न कलमं, एक्कावन्न वेळा 'ठीक', आणि खाली माझी सही.

मी पेढा हातातच धरून ठेवला.

"इंजिन ऐकलंस ना नीट? खालून बघितलंस?" मी विचारलं.

"मी कशाला बघू सर?" तो हसला. "वनाशेठ म्हणे, बोनट उघडून बघ. मी म्हटलं, तायडे सरांची सही असताना बोनट उघडायचं म्हणजे सरांवर संशय घ्यायचा. माझा हातच नाही उठला."

पंधरा वर्षं लोकांच्या गाड्यांची बोनटं उघडणाऱ्या माणसानं स्वतःच्या गाडीचं बोनट उघडलं नव्हतं. का, तर माझा अपमान होईल! अरे बाबा, करायचा होतास ना अपमान! पण हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "छान आहे. रंग छान आहे."

पुढच्या आठवड्यात एरंडोलजवळ गिअरचा दांडा उपटून त्याच्या हातात आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात हॉर्न दाबला की वायपर फिरायला लागला. मग पाणी उकळायला लागलं. मग छप्पर अर्ध्यात अडकलं, ना उघडं ना बंद, आणि नवरा-बायको एका अंगानं उन्हात आणि एका अंगानं सावलीत बसून अमळनेरला लग्नाला जाऊन आले. दर वेळी त्याचा फोन शेजारच्या वाण्याकडे यायचा, आणि दर रविवारी मी हत्यारांची पेटी घेऊन पारोळ्याची एसटी धरायचो.

"नवी गाडी अंगाला बसायला वेळ लागतो," मी त्याला सांगायचो. नवी! ती गाडी बारा वर्षांची होती.

तो मात्र भारावून जायचा. गॅरेजात आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "सर सही करून मोकळे होत नाहीत, बघा. स्वतः मागे उभे राहतात." गिऱ्हाईक माझ्या पायांकडे बघायचं. मी गाडीच्या खाली असायचो, त्यामुळे माझं तोंड कुणाला दिसत नव्हतं हे बरं होतं.

पुष्पा म्हणाली, "माझ्या बापाच्या शेतावर कधी गवताची काडी उचलली नाहीत. त्या पोराची गाडी तुमची कोण लागते?" मी तिच्यावर ओरडलो. उत्तर नसलं की मी ओरडतो, हे तिला लग्नाच्या तिसऱ्या दिवसापासून माहीत आहे. ती शांतपणे तांदूळ निवडत बसली.

आता सांगून टाकावं, असं दर एसटीत वाटायचं. धरणगाव येईपर्यंत वाक्य तयार असायचं. एरंडोल गेलं की ते बारीक व्हायचं आणि पारोळ्याच्या स्टँडवर उतरलो की त्याची बायको द्रौपदा चहा घेऊन उभी असायची. मग मी मूग गिळून चहा प्यायचो.

आणि मग ब्रेक गेले. पारोळ्याच्या मार्केटात, भर बाजाराच्या दिवशी. भिकन आणि द्रौपदा गाडीत होते. गाडी थांबेना. माणसं बाजूला उड्या मारायला लागली. भिकननं गाडी वळवली आणि उतरवून ठेवलेल्या कापसाच्या ढिगात घातली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दोघांना बाहेर काढलं तेव्हा ती पांढरीधोट भुतं बघून बाजार पोट धरून हसला म्हणे. मला वाण्याकडे फोनवर हे ऐकून हसू आलं नाही. कापूस नसता तर?

रविवारी गेलो. ब्रेकची नळी बघितली. आतून कुजलेली होती, वरून काळा रंग मारलेला. कुणीही खाली वाकून नख लावलं असतं तरी कळलं असतं. मी नवी नळी बसवली, हात धुतले आणि बघतो तर भिकन एका शेतकऱ्याची जीप परत पाठवत होता.

"ब्रेकचं काम आहे. मी घेत नाही आता. धुळ्याला न्या भाऊ," तो सांगत होता.

"का रे? का घेत नाहीस?"

"हात गेला माझा, सर." त्याचे डोळे भरले होते. "तुम्ही तपासलेली गाडी. माझ्याकडे आल्यावर बिघडली. म्हणजे मीच कुठं तरी काहीतरी ढिलं केलं असणार. बायको शेजारी बसली होती हो. दुसऱ्याच्या लेकराबाळांच्या गाडीला आता हात लावायची हिंमत नाही. गॅरेज द्यायला काढलंय. दीपनगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाचं विचारून आलोय."

मी पेटीवर बसलो. एका पारड्यात माझं नाव आणि दुसऱ्यात ह्याचा हात, असा तो मामला होता. आणि लाज वाटते सांगायला, तरीही मी दोन मिनिटं विचार केला.

"भिकन, ती गाडी मी बघितली नव्हती," मी म्हणालो. "कोऱ्या कागदावर सही केली होती. गाडी यायच्या तीन महिने आधी."

त्याला कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. फेटा, भरीत, पॅड, सगळं. तो ऐकत होता आणि हातातली चिंधी पिळत होता. शेवटी म्हणाला, "आणि मला अर्ध्या आट्यासाठी..." आणि थांबला. त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्या पोराला पदोपदी दिल्या होत्या.

"कागद किती होते?" त्यानं विचारलं.

"पन्नास."

"एक माझ्याकडे. एकोणपन्नास कुठंयत?"

खरं सांगतो, एवढे महिने मला हा प्रश्न पडला नव्हता. मी माझ्या नावाचाच घोर करत होतो. एकोणपन्नास गाड्या रस्त्यावर फिरत असतील, त्यांत माणसं बसली असतील, आणि सगळीकडे कापसाचे ढीग नसतात, हे माझ्या महर्षी डोक्यात आलंच नव्हतं.

"बसा," तो म्हणाला. 'सर' म्हणाला नाही.

लाल गाडीतून आम्ही धुळ्याला निघालो. छप्पर अडकलेलंच होतं. ट्रकवाले हात करत होते, शिट्ट्या मारत होते. आम्ही दोघं लग्नाला निघाल्यासारखे झगझगीत गाडीत आणि मयताला निघाल्यासारखे गप्प.

वनाशेठला आम्हाला बघून आनंद झाला. "या सर! शंभर वर्षं आयुष्य. तुमचीच आठवण काढली."

"माझ्या सह्यांचे कागद परत दे," मी ओरडलो. "उरलेले सगळे!"

"उरलेत कुठं? कधीच संपले. तुमच्या नावाला काय मागणी आहे, तुम्हाला कल्पना नाही." त्यानं ड्रॉवर उघडला आणि नवं पॅड काढलं. एक्कावन्न कलमं, आणि खाली देवचंद तायडे, दोन रेघा. सगळ्या कागदांवर. "तुम्हाला त्रास नको म्हणून सहीचा ब्लॉकच करून घेतला. आता छापूनच येते. बघा, कशी उठून दिसते!"

मी बघत राहिलो. खरोखर उठून दिसत होती. मला तिथं आता कुणी विचारतही नव्हतं.

बाहेर एक जीप उभी होती. साक्रीकडचा एक शेतकरी, झिपरू नाव त्याचं, कागदाची घडी खिशात घालत होता. बायको मागे बसली होती आणि तिच्या भोवती तीन लहान लेकरं. मी धावत गेलो.

"भाऊ, थांबा. आधी ब्रेक बघून घ्या. बोनट उघडा."

"कसाले?" तो अहिराणीत म्हणाला. "तायडे सरनी सही शे."

"अहो, मीच तायडे! ती सही खोटी आहे. मी गाडी बघितलीच नाही!"

त्यानं मला खालून वर न्याहाळलं. घामेजलेला सदरा, धुळीनं माखलेले केस, आणि ओरडण्याची ही तऱ्हा. मग तो हसला. "तुमी तायडे? जा भाऊ, जा. तायडे सर तं गाडी देखाशिवाय सहीच करत नही. बठ्ठा खान्देशले माहीत शे."

त्यानं किल्ली फिरवली. मागे लेकरं आनंदानं ओरडली. सत्तावीस वर्षं कमावलेलं नाव समोर उभं होतं आणि तेच मला बाजूला हो म्हणत होतं. मी जमिनीवर आडवा झालो आणि सरपटत जीपच्या पुढच्या चाकांमध्ये शिरलो. आता त्याला गाडी हलवता येणार नव्हती.

वर गलका झाला. वनाशेठ धावत आला, झिपरू खाली उतरला, त्याची बायको 'अरे देवा, देवा' करायला लागली. मी नळीला नख लावलं. वरचा काळा रंग निघाला आणि खाली गंजाचा भुगा. तोंडात पडला, डोळ्यांत गेला. मला रडू येत होतं, आणि गंजामुळे येतंय असं म्हणायची सोय होती.

"पाना," मी हात बाहेर काढून म्हणालो. कुणाला म्हणालो, मलाच माहीत नाही.

थोडा वेळ हात तसाच राहिला. मग त्यात पाना आला. बरोबर मापाचा.

"हाऊ कोन शे?" झिपरू विचारत होता.

भिकनच्या चपला माझ्या डोक्याजवळ होत्या.

"मिस्तरी शे," तो म्हणाला. "गाडी तपासी ऱ्हायना. जरा दम धर."

मी डोळे पुसले आणि पहिला नट सोडवायला घेतला.